बाबांचा पुढचा दात

लेकीने दातांचा नवा दवाखाना थाटला आणि पहिला पेशंट म्हणून बाबाच खुर्चीत बसले. त्यांच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. लेकीने दात झकास भरून दिला. दुसऱ्याच दिवशी गप्पांच्या भरात तो भरलेला तुकडा शेजारच्या काकांच्या चहात पडला, आणि काकांनी साखर समजून ढवळला. त्यानंतर दवाखान्यात कुणी फिरकेना.

"बाबा, मी दाताला जेल लावलं, धुतलं, वाळवलं आणि चिकटवायचं औषध घ्यायला वळले. तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"जीभ फिरवली. आंबट लागतंय का बघितलं."

"अहो, जेलने दात खरखरीत होतो, म्हणून औषध त्यात रुतून बसतं. तुम्ही त्यावर लाळ सारवलीत."

"ही जीभ तुझ्या आईला आवरली नाही, तुला काय आवरणार?"

या वेळी लेकीने दाताभोवती रबराचा पडदा ताणून बसवला. जेल धुऊन दात खडूसारखा पांढरा दिसेपर्यंत वाळवला, मग औषध लावून दात भरला, मग भरलेलं कडक व्हायला निळा दिवा धरला. बाबा तासभर गप्प होते. ते बघायला आईने शेजारणीला बोलावून आणलं.

संध्याकाळी बाबांनी काकांसमोर पुढच्या दातांनी अक्रोड फोडला. कट्‌ आवाज आला आणि लेक ताडकन उठली. बाबांनी तळहातावर तुकडा घेतला, आरशात पाहिलं आणि छाती फुगवली.

"बघा, हा बाजूचा गेला, देवाने दिलेला. माझ्या लेकीने भरलेला जागचा हलला नाही."