आडवी दांडी

अप्पांचा फोन आला तेव्हा धाकट्याचे दोन्ही हात रॉकेलच्या परातीत होते. दुकानात एका पंपाचं पोट फाडून बसला होता बिचारा. आई नुकतीच डबा घेऊन आली होती आणि उलट्या क्रेटवर बसून पदरानं वारा घेत होती. धाकट्यानं कोपरानं फोन स्पीकरवर टाकला.

"बंद पडलंय," अप्पा म्हणाले. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"काय बंद पडलंय?"

"माझं डोकं! इंजिन, दुसरं काय?"

आता अप्पांनी आपण होऊन धाकट्या लेकाला इंजिनाबद्दल विचारावं हीच मुळात नवलाची गोष्ट. होडीच्या मागे लटकणारं ते जुनं इंजिन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. धाकटा गावभरचे पंप दुरुस्त करायचा, पण त्याला हे इंजिन पुसायचीसुद्धा परवानगी नव्हती. लहानपणी एकदा नुसता हात लावला तर कानाखाली आवाज निघाला होता. त्यामुळे आज त्यांचा फोन आला म्हणताच धाकट्याला मनातून गुदगुल्याच झाल्या. खोटं कशाला सांगा?

"चालू झालं होतं का मुळात?"

"घाटावर एका झटक्यात झालं. मधोमध आलो आणि खोकून खोकून गेलं."

"पेट्रोल?"

"टाकी भरून."

"पेट्रोलचा कॉक चालू आहे ना?"

"मला शिकवतोस? चालू आहे!"

धाकट्यानं हात पुसले आणि स्टूल ओढून बसला. चोक लावून बघा म्हणाला. मग काढून बघा म्हणाला. पलीकडून दोरीचा खर्रकन आवाज यायचा, आणि मग अप्पांचा श्वास. पुन्हा खर्र, पुन्हा श्वास. त्या श्वासामागे आणखीही काहीतरी होतं, एकसारखं, घुमल्यागत.

"कसला आवाज येतोय तिकडे?"

"वारा आहे."

आईनं पदर हलवायचं थांबवलं. दुकानाच्या दारात टांगलेला फडका ढिम्म लोंबत होता. पान हलत नव्हतं बाहेर, आणि हे म्हणतात वारा!

"प्लग काढून बघा, ओला आहे का कोरडा."

"कोरडा ठणठणीत. नवा होता तो लावला. जुना मेला दिला फेकून पाण्यात."

"फेकला कशाला?"

"राग आला म्हणून!"

अप्पांचा राग कायमचा नाकावर. एरवी धाकटा हसला असता. पण दोरी आणखी दोनदा ओढून झाली, इंजिन हुं की चूं करेना, आणि तो घुमणारा आवाज आता अप्पांच्या बोलण्यावर चढायला लागला होता. धाकटा फोनवर वाकला.

"अप्पा, खरं सांगा. होडी कुठं आहे?"

पलीकडची दोरी थांबली. मग अप्पा हळूच म्हणाले, "वडाचं वळण मागं गेलं."

वळणाच्या खाली बंधारा. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं सकाळपासून, बंधाऱ्यावरून नदी पांढरी होऊन कोसळत होती. तिथं खाली पडलेला ओंडकासुद्धा वर यायचं नाव घेत नाही, एकाच जागी गरगरत राहतो.

"नांगर टाका!"

"टाकलाय. धरत नाही, नुसता घासत येतोय. वल्हं मारून हात गेले माझे. तू इंजिनाचं सांग."

धाकट्यानं शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली, दोर घेऊन बंधाऱ्यावर पळ म्हणून ओरडला. टायरवाला चपला न घालताच मोटरसायकलवर बसला. पण रस्ता नदीला वळसा घालून जातो, आणि नदी सरळ जाते.

"प्लग परत काढा," धाकटा म्हणाला.  "पेट्रोल पोचतंच नाहीये. प्लग काढून दोरी ओढा, भोकातून फवारा येतो का बघा."

"काढला. नाही येत. थेंब नाही."

"मग कॉक बंद आहे!"

"चालू आहे म्हणतो ना! आडवी आहे दांडी, चांगली आडवी!"

धाकटा ताडकन उठला. आडवी म्हणजे तर बंद. जगातल्या कुठल्याही कॉकची दांडी नळीला आडवी झाली की पेट्रोल बंद.

"त्यांचं आडवंच चालू असतं रे," आई म्हणाली. "कधीकाळी उलटा बसला होता तो कॉक, तुझा जन्मही नव्हता तेव्हा. तेव्हापासनं ते आडवी करूनच निघतात. का, काय झालं?"

काय झालं ते फक्त धाकट्याला ठाऊक होतं. तो कॉक गळत होता आणि अप्पा शेजारी बसून विड्या ओढायचे. एक दिवस पेटतील होडीसकट, म्हणून काल रात्री ते झोपले असताना त्यानं घाटावर जाऊन नवा कॉक बसवला. दांडी मात्र जुनीच लावली, म्हणजे त्यांना कळू नये. जुना उलटा होता हे अंधारात त्याला कळलंच नाही; नवा सुलट बसवला, चालू करून ठेवला आणि गुपचूप घरी आला. सांगितलं असतं तर आकाशपाताळ एक केलं असतं त्यांनी. आज अप्पांनी सवयीनं दांडी आडवी केली. कार्बुरेटरच्या वाटीत राहिलेल्या पेट्रोलवर इंजिन मधोमध गेलं आणि तिथं तहानेनं मेलं.

"अप्पा! दांडी उभी करा! उभी म्हणजे चालू! उभी करा आणि प्लग लावा!"

"उभी?"

"मी बदलला कॉक! काल! तुम्हाला सांगितलं नाही मी, चुकलं माझं, पण आधी उभी करा!"

खटखट झालं, दोरी खर्रकन वाजली. मग अप्पा म्हणाले, "आलं. पेट्रोल आलं." आनंदानं म्हणाले. आईनं हात जोडले.

"आता प्लग! पटकन!"

पाण्याचा आवाज एवढा झाला होता की फोन बाकावर थरथरत होता. अप्पा काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक प्लगच्या आट्यांना शिव्या देत होते. मग ते पुटपुटणं थांबलं.

"अप्पा?"

"निसटला रे. गेला."

"काय गेलं?"

"प्लग. पाण्यात."

 प्लग काढा म्हणून धाकट्यानंच सांगितलं होतं, आणि जुना तर आधीच पाण्यात गेला होता.

"ऐक," अप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच धाकट्याला जास्त भीती वाटली. "कॉक चांगला बसवलायस. एक थेंब गळत नाही. आईला दे."

आईनं फोन उचलला, स्पीकर कसा बंद करायचा ते तिला माहीत नव्हतं, तरी दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. "ऐकतेय," ती म्हणाली. "हो. ऐकतेय मी. बोला."

बंधाऱ्याच्या गर्जनेनं ते लहानसं दुकान भरून गेलं, आणि मग एकदम रिकामं झालं. आई तशीच उभी होती.

"आई," धाकटा म्हणाला, "फोन बंद झालाय."

"कळलं मला," आई म्हणाली. "तू पळ नदीवर." आणि कानाशी धरलेला फोन तिनं खाली घेतला नाही.