बाबांनी पिस्तूल काढलं

बाबांनी कंबरेचं पिस्तूल काढून कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. आई सांगून सांगून थकली होती, "व्हर्नन, निदान जेवायला बसताना तरी ते काढून ठेव." बाबा हसायचे आणि ताट पुढं ओढायचे. माझा मुलगा वेड रांगायला लागला तेव्हा मीही सांगून पाहिलं. तर म्हणाले, "पोरापासून लपवायचं कशाला? हात लावायचा नाही, हे शिकव." मी शिकवलं. आणि आता माझी धाकटी बहीण मार्सी शिकागोहून फोनवर 'पिस्तूल दिसता कामा नये' एवढं एक वाक्य बोलते काय, आणि म्हातारा मुकाट्यानं कुलूप लावतो काय!

आमच्या माँटानात पिस्तूल कंबरेला असतंच, खिशात चाकू असतो तसं. गाय पाय मोडून पडली तर गोळी घालून तिला वेदनेतून सोडवायला दुसरं कोण येणार? पोलीस यायलाच दीड तास लागतो. किराणा आणायला जा, चर्चला जा, कोणी मान वळवून बघत नाही. मार्सीची मुलगी टेस जन्मली तेव्हा बाबा चौदाशे मैल गाडी हाकत शिकागोला गेले आणि तसेच दवाखान्यात नातीला बघायला शिरले. कंबरेला पिस्तूल आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. बाळंतिणींच्या वॉर्डात किंकाळ्या उठल्या. रखवालदारांनी त्यांना फरशीवर पालथं पाडलं, आणि हे सगळं मार्सीनं पलंगावरून पाहिलं. त्यानंतर सहा वर्षं ती इकडं फिरकली नाही.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. लाडकी लेक सुटली एकदाची हातची, आता म्हाताऱ्याला माझी किंमत कळेल, असं वाटलं होतं.

ती आली तीच पोरीचा हात घट्ट धरून. बाबांनी टेसला उचलून घेतलं. वेडला त्यांनी असं कधी उचललेलं मला आठवत नाही. मी मुद्दाम माझं पिस्तूल कंबरेला ठेवूनच वाढायला लागले.

"तुमच्या शहरात दर शनिवारी गोळ्या झाडतात म्हणे," मी मार्सीच्या ताटात मांस वाढत म्हटलं. "आणि भीती कोणाची, तर आमच्या म्हाताऱ्याची!"

"झाडतात म्हणूनच, डोरीन," ती म्हणाली. "आमच्याकडं ज्याच्या कंबरेला ते दिसतं, तो गाय सोडवायला आलेला नसतो. टेसच्या शाळेची दारं यंदा दोनदा आतून लावून घेतली. मुलं टेबलाखाली बसून होती, आवाज न करता."

मी रागानं आणखी एक तुकडा तिच्या ताटात टाकला. तेवढ्यात टेसची नजर माझ्या कंबरेकडं गेली. तिनं काटा खाली ठेवला आणि हळूच खुर्चीवरून घसरून टेबलाखाली जाऊन बसली. हूं की चूं नाही.

"डोरीन, काढ ते," बाबा म्हणाले.

"आईसाठी काढलं नाहीत तुम्ही. वेडसाठी काढलं नाहीत. हिचीच पोर तेवढी सोन्याची का?"

बाबांनी पावाला लोणी लावता लावता माझ्याकडं पाहिलं. त्यांना माझा राग कळलाच नाही. "अगं, नाही काढलं तर ही निघून जाईल," ते म्हणाले. "तू कुठं जाणार होतीस?"

त्यात टोमणा नव्हता. उद्या वारा सुटेल म्हणावं, इतक्या सहज बोलले ते. मोठी झाल्यावरही बावीस वर्षं मी इथंच राहिले, गुरं सांभाळली, आईचं शेवटचं दुखणं काढलं. वाटायचं, याचं कुठंतरी मोल होत असेल. मी जाणार नाही एवढंच त्यांना पक्कं माहीत होतं, आणि म्हणून माझं काही ऐकायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

मी पट्टा सोडला आणि पिस्तूल बाहेर गाडीत ठेवून आले. टेस मार्सीच्या मांडीवर येऊन बसली होती. बाबा तिला बटाटे भरवत होते.

"ती काळी कालवड आज व्यायची दिसते," ते मान वर न करता म्हणाले. "जेवण झालं की एक चक्कर टाकशील ना?"

"टाकते," मी म्हटलं.