हिरवं पाणी

पंखा असू दे. नाहीतर पट्टा. थर्मोस्टॅट अडकलेला असू दे, पंप गेलेला असू दे, फार तर अख्खं इंजिन उघडावं लागू दे, पण दोष गाडीतच निघू दे.

देवाकडे असलं मागणं कुणी मागत नाही. ती मागत होती, गॅरेजच्या दारात, पर्स छातीशी धरून. काल तिच्या लेकीला शाळेतून आणताना बाबांनी बॉनेटमधून वाफ निघेपर्यंत गाडी दामटली होती. गाडी ओढून आणावी लागली. संध्याकाळी दादाचा फोन. "काटा लालवर गेलेला दिसला नाही त्यांना? चावी काढून घे आता."

"गाडीच म्हातारी झालीय. आधी दाखवते. गाडीत काही निघालं नाही, तर घेईन."

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. जन्मभर बस चालवलेला माणूस; मेकॅनिकच्या खांद्यावरून डोकावत त्यालाच शिकवत होता.

"गार झाल्याशिवाय झाकण उघडू नकोस रे. थोबाड भाजेल."

"काका, गाडी कालपासून गारच आहे. तापलेले तुम्ही आहात."

बाबा खूश. उलटं बोलणारी माणसं त्यांना आवडायची.

इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. आत ठणठणाट.

"पाणी कोण बघतं?"

"मी! रोज सकाळी. ते हिरवं कूलंट मिसळून. नुसतं पाणी ओततात ती गाढवं."

मेकॅनिक गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

"पंपातून झिरपतंय."

पंप! त्या पायांना नमस्कार करावासा वाटला तिला. मनातल्या मनात फोन लागलासुद्धा: ऐकलंस ना दादा, पंप होता, पंप, आणि तू मात्र बाबांना—

"पण हे जुनं आहे ताई. पांढरा थर धरलाय. काही वर्षं तरी झाली असतील. रोज भरत असतील, तर एवढ्याने गाडी तापायची नाही."

मग भरलेलं जातं कुठे?

मेकॅनिकने तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल स्वच्छ. म्हणजे इंजिनही पाणी पीत नव्हतं. तो डोकं खाजवत स्टिअरिंगमागे बसला, चावी फिरवली. समोर धुळीने काही दिसेना, म्हणून सवयीने काचेवर पाणी मारलं.

हिरवं.

वायपरने ते इकडून तिकडे फासलं. चिकट, गोडसर वासाचं.

मेकॅनिक उतरला. काचेच्या पाण्याची टाकी उघडली. काठोकाठ कूलंट. त्याने झाकण पटकन लावलं आणि गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला, "पंपच बदलू. पंपच आहे."

पण बाबांनी पाहिलं होतं.

"हे कुठल्या गाढवाने केलं?"

मी असू दे.

"मी, बाबा. परवा. म्हटलं, तुमचं एक काम कमी करावं."

मग बाबांनी तिला जी झापली! ही टाकी इंजिनाची, ही काचेची, झाकणावर चित्र काढलंय एवढं मोठं, डोळे आहेत की बटणं? इंजिन जाम झालं असतं भर रस्त्यात! पोर होती गाडीत! बोट बरोबर त्या त्या झाकणावर पडत होतं. ती खाली मान घालून ऐकत होती आणि बोलणी खाताना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं तिला बरं वाटत होतं. बोला बाबा. आणखी बोला. इतकं नेमकं रागावणाऱ्या माणसाला काय झालंय? काही नाही झालेलं, काही—

बाबा मध्येच थांबले.

"बॉनेट कुठून उघडलंस?"

"अं?"

"परवा. खटका कुठे आहे, दाखव."

ती ड्रायव्हरच्या दाराशी वाकली. स्टिअरिंगखाली हात फिरवला. सीटखाली. पुन्हा स्टिअरिंगखाली. मेकॅनिक पाठ फिरवून पान्यांशी खुडबुडत राहिला.

"राहू दे पोरी."

बाबांनी आत हात घालून चावी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिची बोटं मिटेनात. त्यांनीच ती एकेक करून मिटली. मग गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

बॉनेट उघडंच होतं. पंप यायचा होता. गाडी आज कुठेच जाणार नव्हती. तरी त्यांनी पट्टा ओढून लावला, आणि कुणीतरी नेईल म्हणून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.