परदेशवारीचं लग्न

देशाची काळजी करायला पैसे पडत नाहीत, म्हणून ती दामाजी रोज सकाळी करायचा. बाळकुमच्या पुढे खाडीकाठी जो कोळीवाडा होता, त्याच्या वरच्या पाड्यात पेपर एकट्या त्याच्याकडे यायचा आणि तो पारावर बसून मोठ्याने वाचायचा. साल पंच्याऐंशी. पंजाब धुमसत होता, आसाम धुमसत होता आणि सरकार परदेशात आपल्या देशाचा महोत्सव भरवायला निघालं होतं. "इथं घर जळतंय," दामाजी पेपर मांडीवर आपटायचा, "आन् यांना गोऱ्यांच्या दारात नाचाचं पडलंय! पैसा कोनाचा? आपला! देश फुटंल नाय तं काय व्हईल?"

खालच्या पाड्यात परशुराम हेच बोलायचा, फक्त त्याच्याकडे पेपरऐवजी रेडिओ होता. दोघांचं इतकं एकमत, पण एकमेकांशी बोलणं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी होळी कुणी पेटवायची यावरून गाव फाटलं, तेव्हापासून एका गावात दोन होळ्या, दोन गणपती आणि मधल्या नाल्यापलीकडे रोटीबेटी बंद. महोत्सवाच्या खर्चाविरुद्ध ठाण्याला मोर्चा न्यायचं ठरलं, तेव्हाही दोन पाड्यांचे दोन मोर्चे निघाले. मागणी एकच, घोषणाही एकच, 'देश एक ठेवा', पण एक मोर्चा टेंभी नाक्यावरून गेला आणि दुसरा कोर्ट नाक्यावरून. ते ऐकून आवडाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

आवडाबाई त्या गावची धवलारीण. लग्नात धवले गाऊन देवांना आवतण देणारी, हळदीपासून अक्षतांपर्यंत सगळं लावून देणारी बाई. भटजी ज्याला परवडेल तो आणायचा, पण धवलारीण नसेल तर गावात लग्न लागत नसे. तिच्या आधी तिच्या सासूने गायलं, सासूच्या आधी तिच्या सासूने. दोन्ही पाड्यांचं तिच्यावाचून अडत असल्याने नाला ओलांडायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. विधवा, साठीला आलेली, तोंडाने फटकळ. देश वाचवायला निघालेल्या बाप्यांविषयी तिचं मत फार वाईट होतं आणि ते ती लपवत नसे.

दामाजीवर तिचा खास राग होता. त्याची मंजुळा आणि परशुरामाचा सहदेव एकमेकांवर जीव लावून आहेत, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कळल्यावर दामाजीने पोरीला दोन दिवस कोंडलं आणि शहाडचा मारुती ठरवून टाकला. मारुती बिजवर, पदरात दोन पोरं. वैशाखात उरकायचं होतं. एकदा नळावर मंजुळा आवडाबाईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, शहाडला माजं लगीन लावाला तूच येशील ना? मना सांग, तवा मी रडू का नको?" अर्धाच भरलेला हंडा उचलून आवडाबाई घरी आली.

चैत्रात त्र्यंबकराव आले. डोंबिवलीला राहणारे, सरकारी सांस्कृतिक खात्यातले गृहस्थ, खांद्याला शबनम. त्यांना महोत्सवासाठी 'अस्सल कोळी लग्न' हवं होतं. शाळेच्या पडवीत सभा भरली. दामाजी पेपर घेऊन भांडायलाच आला होता, परशुराम नाल्याच्या बाजूला पाठ करून बसला होता.

"आपल्या भावना मी समजू शकतो," त्र्यंबकराव म्हणाले. "मात्र पथक तर जाणारच आहे. वधू, वर, दोघांचे वडील, वाजंत्री आणि नाचणाऱ्या स्त्रिया. विमानाचा खर्च सरकारचा, शिवाय रोजचा भत्ता."

दामाजीने पेपराची घडी घातली. आणखी एक घडी घातली. मग खिशात घातला. "तसा खर्च तं व्हनारच हाय," तो म्हणाला. "मंग तो आपल्या मान्सांवर झाला तं वाईट काय?" वीस वर्षांत पहिल्यांदा परशुरामाने त्याच्या बोलण्यावर मान डोलावली. देशप्रेमाला असं विमानाचं तिकीट लागलं की ते फार लवकर शहाणं होतं.

पेच एकच होता. बापाची जागा हवी तर पोर मांडवात उभं करायला हवं. नवरी एका पाड्याची आणि नवरा दुसऱ्याचा घेतला तरच दोघे बाप विमानात बसणार. त्र्यंबकरावांना तर हे फारच आवडलं. राष्ट्रीय एकात्मतेचा विषय आपसूक येतो, असं ते म्हणाले. त्यांनी उंच म्हणून सहदेवला निवडलं आणि नाचात चांगली म्हणून मंजुळाला. दोन्ही बापांनी एकमेकांकडे न बघता होकार दिला. खेळच तर आहे, त्यात काय मोठं!

"साहेब, मी यक इचारू?" आवडाबाई उभी राहिली. "मना खोटा धवला येत नाय. सासूनं शिकवला नाय. मी गायले म्हंजे लगीन लागलं. मंग नंतर कोनी वरडू नका."

"अहो, खोटा कशाला? अस्सलच पाहिजे," त्र्यंबकराव म्हणाले. "एक अक्षरसुद्धा वगळायचं नाही."

"ऐकलासा?" तिने दोन्ही बापांना विचारलं.

"गा गा," दामाजी म्हणाला. त्याच्या डोक्यात तेव्हा पासपोर्टचा फोटो होता.

शहाडला निरोप गेला, आता तुळशीच्या लग्नानंतर बघू. गावात तालमी सुरू झाल्या. दामाजीने आयुष्यात पहिली पॅन्ट शिवली, परशुराम पोऱ्यांकडून 'थँक्यू' शिकला. पारावरचं पेपरवाचन बंद पडलं. पंजाब तिथेच होता, आसामही होता, पण देशाच्या एकीची काळजी करायला आता कुणाला वेळ नव्हता. आवडाबाई सगळ्या तालमींना गायली. मात्र शेवटचा धवला, ज्याच्यावर अंतरपाट खाली येतो आणि अक्षता पडतात, तो तिने एकदाही म्हटला नाही. "त्याची तालीम नसते," एवढंच ती सांगायची.

परदेशी कुठलं पथक धाडायचं त्या निवडीचा दिवस आला. ठाण्याला रंगायतनात मुंबईहून आलेली मोठी माणसं पहिल्या रांगेत बसणार होती. पहाटे आवडाबाईने न्हाऊन गावदेवीला नारळ ठेवला. तिला भीती वाटत होती, ते खोटं कशाला सांगा. उद्या दोन्ही पाड्यांनी तिला दाराशी उभं केलं नाही तर म्हातारपणी खायचं काय? मंजुळाला हळद लावताना तिने कानाशी विचारलं, "पोरी, आज मी शेवटपर्यंत गानार हाय. नको असंल तं आत्ताच बोल." मंजुळाने तिचा हळदीचा हात धरला आणि सोडलाच नाही. मग तिने सहदेवलाही विचारलं. तो म्हणाला, "आत्या, तू फक्त मधीच थांबू नको."

आवडाबाई थांबली नाही. तिने गावदेवीला हाक घातली, वेतोबाला घातली, खाडीला, डोलीच्या जाळ्याला, पाण्यात गेलेल्या आणि न परतलेल्या माणसांना नावानिशी बोलावलं. पाठीमागे बसलेल्या बायका पहिल्यांदा नुसत्या बघत राहिल्या, मग एकेकीने सूर धरला. वरच्या पाड्याच्या आणि खालच्या पाड्याच्या बायका वीस वर्षांनी एका सुरात गात होत्या. बाप्यांना त्यातलं काही समजलं नाही. दामाजी आणि परशुराम उजेडात कोण उभं राहणार यावरून कोपराने एकमेकांना ढकलत होते. शेवटचा धवला सुरू झाला, अंतरपाट खाली आला आणि दामाजीने पहिल्या रांगेकडे बघून, दात दाखवून, आपल्या हाताने मंजुळाचा हात सहदेवच्या हातात दिला. अक्षता पडल्या. त्याने स्वतः तर अक्षता दोनदा टाकल्या.

पडदा पडल्यावर आत दामाजी पोरीला म्हणाला, "चल, काढ त्या मुंडावळ्या."

"काढू नको," आवडाबाई म्हणाली. "लगीन लागलंय तुजं. आज सासरी उतराचं."

मग जो दंगा उसळला त्याला काही सुमार नव्हता. परशुराम कपाळ बडवायला लागला, दामाजीच्या मानेच्या शिरा फुगल्या. "गानं म्हंजे लगीन? भटजी नाय, मुहूर्त नाय! चार बायांनी नरडं ताणलं न लगीन झालं? असलं लगीन मी मानत नाय!"

तेवढ्यात त्र्यंबकराव धावत आले. "पाहुणे खूश आहेत! पित्याने हात दिला तो क्षण तर अप्रतिम. हेच वधूवर, हेच वडील, काहीही बदल नको. काही अडचण नाही ना?"

दामाजीने एकदा मंजुळाकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. एकीकडे पोरगी, एकीकडे विमान. मग त्याने हलकेच परशुरामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात तोड काढली. "जाऊन येऊ. आल्यावर मोडू. धवल्याचं लगीन, त्याला कोन इचारतो?"

दामाजीची बायको हौसाबाई बायकांच्या घोळक्यात बसली होती. नवऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे. ती उठली, पदर खोचला आणि सगळ्यांच्या मधून येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"आपल्या लग्नाला कुठला भटजी व्हता?" तिने विचारलं. "या आवडाबाईच्या सासूनं गायलं, हिनं दिवा धरला. वरच्या पाड्यात न खालच्या पाड्यात, इथं बसलेल्या समद्या बाया धवल्यावरच नांदाला आल्यात. त्याला जर कोनी इचारत नाय, तं पंचवीस वर्सं मी तुमच्या घरात कोन म्हनून राबले? न ही पोर कोनाची? बोला. साहेब हायत, त्यांच्यासमोर बोला."

परशुरामाची रखमाबाईही उठून नवऱ्याकडे बघत उभी राहिली. मग एकेक करत बाकीच्या उठल्या. वाजंत्रीवाल्यांनी नजरा खाली घातल्या, कारण त्यांच्याही बायका त्या घोळक्यात होत्या.

दामाजी नव्या पॅन्टीच्या खिशात हात घालून उभा होता. हौसाबाई उत्तराची वाट बघत होती आणि तिला घाई नव्हती.