शेवटची हातभर दोरी

सॅटकम नदीच्या पुलाशेजारी इर्मा लेहटिनेन तेहतीस हिवाळे पहाटे चारला दुकान उघडत आली होती. एवढ्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. मासेमारीचं सामान माणूस शेजारी उभ्या राहणाऱ्याला दाखवायला घेतो. माशाला त्यातलं फारसं काही कळत नाही. ऑलिंपियाहून येणारा एक दातांचा डॉक्टर या हिवाळ्यात तिसरी काठी घेऊन गेला होता. नदीत त्यानं दोरीला लावायचे बावीस तरंगे घालवले होते, पण मासा एकही पुलाच्या अलीकडे आणलेला नव्हता. तरी तो दर शनिवारी हसत यायचा. इर्माला त्याचा हेवा वाटे. तिला स्वतःला हसायचं म्हटलं तरी हल्ली आधी बसावंसं वाटे.

दुकानात एकच वस्तू अशी होती, जी दाखवायला कुणी घेत नसे. गल्ल्याजवळच्या पाटीवर इर्मानं स्वतः बांधून ठेवलेले गळ, प्रत्येकाला रिळावरच्या दोरीपुढे लावायची शेवटची हातभर दोरी बांधलेली. नदीवरची माणसं बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, पण इर्माच्या गाठीला कुणी कधी ठेवलं नव्हतं. दोरी तुटेल, गळ वाकेल, गाठ सुटणार नाही, असं तिच्याबद्दल बोललं जायचं. ती हे ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि रात्री झोपताना आठवायची.

जानेवारीतला शुक्रवार होता. दोन दिवस कोसळून पाऊस दुपारी थांबला होता, नदी गढूळ आणि फुगलेली. असं पाणी उतरायला लागलं की दुसऱ्या दिवशी स्टीलहेड मासे समुद्राकडून नदीत वर चढतात, हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे शनिवारी काठावर गळ टाकणाऱ्यांच्या रांगेत मुंगी शिरायला जागा राहणार नव्हती. साडेतीनच्या सुमाराला ड्वेन प्रुइट आला. रांगेत पाचव्या दगडावर उभा राहणारा, लाकूडगिरणीतला मुकादम.

"कॉफी आहे का, इर्मा?"

"सकाळची आहे."

"चालेल."

"चालेल म्हणणारा आजचा पहिलाच तू."

ड्वेननं कप भरला, एक घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला. मग तरंग्यांच्या फळीपुढे उभा राहून, घ्यायचे नसलेले तरंगे तो चाचपायला लागला. इर्मानं ओळखलं, हा गिऱ्हाईक म्हणून आलेला नाही.

"बोल."

"तुमच्या भावाचं काय करायचं?"

"माझा भाऊ आहे, म्हणजे सारखंच काहीतरी करावं लागतं. आता काय झालं?"

"गेल्या शनिवारी अठरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. सव्वीस माणसं आपापल्या दोऱ्या गुंडाळून थंडीत उभी. मासा खुंटाच्या खाली गेला, आणि त्याच्या मागे हा, सगळ्यांच्या काठ्यांखालून वाकून, 'सरका रे, सरका' करत. तिघांच्या दोऱ्यांचा गुंता केला. आणि एवढं करून मासा निघाला रानचा. पाठीवरचा पर शाबूत, म्हणजे केंद्रात वाढवलेला नव्हे. नियमानं सोडूनच द्यावा लागला."

रांगेची रीत इर्माला नव्यानं सांगायची गरज नव्हती. माशांची पिल्लं वाढवून सोडणाऱ्या मत्स्यकेंद्राच्या खाली नदी अरुंद होते आणि धावत सुटते. तिथं माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात. वरच्या टोकापासून एकामागून एक गळ टाकायचे, सगळ्यांचे तरंगे एका चालीनं वाहत जायचे. कुणाला मासा लागला की त्यानं "मासा!" म्हणून ओरडायचं आणि बाकीच्यांनी मुकाट्यानं दोऱ्या वर घ्यायच्या. पण मासा जर खालच्या पडलेल्या झाडाच्या खुंटापलीकडे निघाला, तर रिळावर तळवा दाबून आपली दोरी आपणच तोडायची. हे कुठं लिहिलेलं नाही. म्हणूनच सगळे पाळतात.

"त्यानं तोडली नाही," ड्वेन म्हणाला.

"त्यानं आयुष्यात कधी तोडली नाही."

"तेच तर. तिसऱ्यांदा झालंय, इर्मा. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आता परत असं झालं, तर चौथा दगड त्याचा नाही. त्यानं खाली पुलाजवळ उभं राहावं."

"पुलाजवळ मासे नसतात."

"माणसंही नसतात. म्हणून तर."

"मग हे त्याला सांग ना."

"मी?" ड्वेननं दोन्ही हात वर केले. "मला गळाला आमिष म्हणून माशाच्या अंड्यांचा पुंजका बांधायला त्यानं शिकवलंय. माझ्या बापाच्या अंत्यविधीला शवपेटी त्यानं उचलली. मी नाही सांगणार. तुम्ही बहीण आहात, तुम्ही काय ते बघा. जाड दोरी द्या त्याला. पंधरा पौंडी, तेवढा ताण सोसणारी. म्हणजे मासा दोन मिनिटांत काठावर, सगळे सुखी."

तो गेला. कॉफी तशीच राहिली.

टोइवो तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. चाळीस वर्षं त्यानं ओंडक्यांचे ट्रक डोंगरावरून खाली उतरवले होते. चार वर्षांपूर्वी त्याची बायको हेल्वी वारली, त्यानंतर घरात रेडिओ आणि तो. इर्मा कधी कधी मनातल्या मनात हिशेब करायची, आठवड्यात टोइवोला नावानं हाक मारणारी माणसं किती? दुकानात ती एक. दवाखान्यातली बाई आडनावानं बोलवायची. बाकी सगळे त्या चौथ्या दगडाच्या आजूबाजूला. दगड गेला तर हाकही गेली.

तो चारला आला. कोटावरचं पाणी दारातच झटकलं आणि नेहमीप्रमाणे तिच्या स्टोव्हकडे पाठ करून उभा राहिला.

"उद्या मासे वर चढणार," तो म्हणाला. "मला नेहमीपेक्षाही बारीक, सहा पौंडी दोरी दे. आणि तो बारका तरंगा, लाल टोकाचा."

"तो ओढ्यात वापरायचा तरंगा आहे. या पाण्यात गळ तळाला पोचायच्या आधी तो पार समुद्राकाठच्या अ‍ॅस्टोरियाला पोचेल."

"जाड दोरी माशाला दिसते."

"आजच्या पाण्यात माशाला जहाज बांधायचा दोरखंडसुद्धा दिसणार नाही. खिडकीतून बघ. कॉफीचा रंग आलाय."

"तुझ्या कॉफीला तो रंग कधी आला नाही."

"टोइवो."

"ड्वेनचा ट्रक रस्त्यात भेटला मला," तो म्हणाला. "त्यानं हात केला, पण माझ्याकडे बघून नाही. काय म्हणाला?"

इर्मानं सांगितलं. गोड करून सांगायचं तिला जमत नव्हतं आणि आता शिकायचं वय राहिलं नव्हतं. टोइवोनं सगळं ऐकलं, स्टोव्हकडे तोंड केलं, परत पाठ केली.

"अठरा मिनिटं नव्हती," तो म्हणाला. "पंधरा असतील."

"काठी बदल. दोरी बदल. जड तरंगा घे, म्हणजे तुझा तरंगा सगळ्यांच्या चालीनं जाईल. एवढंच मागतायत ते."

तिनं भिंतीवरची आखूड, ताठ काठी उतरवली, पंधरा पौंडी दोरीचं रीळ बसवलं, दोरी कड्यांतून ओवली आणि काठी त्याच्या हातात दिली. तिच्या दुकानातून कुठलीही काठी चाचणीशिवाय बाहेर जात नसे. दोरीचं टोक हाताला गुंडाळून ती बर्फाच्या पेटीपर्यंत चालत जायची आणि माशासारखी ओढायची. गिऱ्हाइकानं धरून ठेवायचं. काठी कशी वाकते ते गिऱ्हाईक बघायचं. गिऱ्हाईक कसं वाकतं ते इर्मा बघायची.

"हा पोरखेळ मला कशाला?" टोइवो म्हणाला.

"सगळ्यांना असतो. डॉक्टरलासुद्धा."

ती पेटीपर्यंत गेली आणि ओढलं. पहिल्यांदा हलकंच. काठीचं टोक झुकलं. मग तिनं अंगाचा भार मागे टाकला, वीस पौंडांचा मासा वळतो तसा.

टोइवोच्या उजव्या हाताची बोटं उघडली. सावकाश, एकेक करून, जणू त्यांना कुणी समजावून सांगत होतं. त्यानं घाईनं काठीचं बूड पोटाशी दाबलं, डावा कोपर वरून टेकवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "काठी घसरते तुझी. मूठ गुळगुळीत आहे."

मुठीवर बुचाच्या लाकडाचं आवरण होतं. बूच घसरत नाही.

इर्मानं दोरी सैल सोडली. "माझाच पाय सरकला," ती म्हणाली आणि ओली फरशी उगाचच बुटानं पुसली.

तेवढ्यात तिच्या डोक्यातली सगळी बेरीज उलटी झाली. इतके दिवस तिला वाटत होतं, बारीक दोरी हा म्हाताऱ्याचा हट्ट. बारीक दोरीवर मासा ओढून धरताच येत नाही, त्याला धावू द्यावंच लागतं, आणि धावू देणारा माणूस लोकांना हट्टी दिसतो. हात गेलेला दिसत नाही. जाड दोरी दिली की सगळी रांग म्हणणार, आता धर, आता ओढ. आणि सव्वीस माणसांसमोर ती बोटं अशीच उघडणार. मग दगड कुणी काढून घ्यायची गरजच उरणार नव्हती. तो स्वतःच दुसऱ्या दिवशी आला नसता.

जाड दोरी दिली तरी तो दगड जाणार होता आणि बारीक दिली तरी जाणार होता. इर्मा गल्ल्यामागच्या स्टुलावर बसली. तिचे गुडघे दुखत होते. ड्वेनला, नदीला, रांगेला, सगळ्यांना काठ्या फेकून माराव्यात असं तिला क्षणभर वाटलं, पण त्यासाठीही उठावं लागलं असतं.

मग तिनं खालचा खण उघडला आणि चार पौंडी दोरीची गुंडाळी काढली. ओढ्यातल्या वीतभर माशांसाठीची, केसासारखी.

"असं करू," ती म्हणाली. "रिळावर तुझी नेहमीची आठ पौंडी राहू दे. तरंगा जड घे, चाल सगळ्यांसारखी. आणि शेवटची हातभर दोरी ही. माशाला शेवटचा हातभरच तर दिसतो."

टोइवोनं तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, कॉफीच्या रंगाच्या पाण्याकडे. मग परत तिच्याकडे. दहा मिनिटांपूर्वी या पाण्यात माशाला दोरखंड दिसत नव्हता.

"माशाला कधी काय दिसेल, काही सांगता येत नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाहीच येत."

तिनं सहा गळ बांधले. टोकाला उलटा काटा नसलेले, नदीवर तसाच नियम आहे, त्यामुळे दोरी तुटली तरी माशाच्या तोंडातून गळ तासाभरात गळून पडतो. एवढी खातरी तिनं मनातल्या मनात करून घेतली. टोइवो ते सहा तुकडे टोपीच्या पट्टीत खोचून निघून गेला. नवी काठी परत भिंतीवर गेली.

शनिवारी सकाळी दुकानासमोर गाड्यांना जागा नव्हती. साडेदहाला गर्दी ओसरली तेव्हा ड्वेन आला. कमरेपर्यंत ओला, नाक लाल, चेहरा मात्र खुललेला.

"काय सांगू, इर्मा! तुमच्या भावाला दोनदा लागला. पहिला चांगला मोठा होता, पाण्याबाहेर उसळला, सगळ्यांनी पाहिला. टोइवो ओरडला 'मासा!', आम्ही दोऱ्या वर घेतल्या, आणि टक्! दोरी गेली, मिनिटसुद्धा नाही. दुसराही तसाच. खुंटापर्यंत पोचलाच नाही."

"काय म्हणाला मग?"

"फिनिश भाषेत बरंच काही. आम्हाला कळलं नाही, पण थांबवतच नव्हता. हसून हसून पुरेवाट. दातांच्या डॉक्टरनं त्याला आपलं सँडविच दिलं, म्हणाला, आता तुम्ही माझ्या पंगतीतले." ड्वेन स्टोव्हजवळ सरकला. "दगडाचं ते विसरून जा. कुणी काही म्हणणार नाही."

"बरं झालं."

तो जाईना. खिशात हात घालून उभा राहिला. मग त्यानं तिच्या पाटीवरचे चार बांधलेले गळ, न उघडलेले, गल्ल्यावर ठेवले.

"राग मानू नका. हे परत घ्या. पैसे नकोत. मी घरीच बांधीन म्हणतो."

इर्मानं त्या चार गळांकडे पाहिलं.

"काय झालं त्यांना?"

"काही नाही. म्हणजे... टोइवोच म्हणाला. दोन्ही वेळा गाठीपाशीच सुटलं म्हणाला. इर्माची नजर पूर्वीसारखी राहिली नाही, सहासष्ट वय आहे, तिला कुणी बोलू नका म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला हो तो."

"किती जणांना म्हणाला?"

"मोठ्यानंच म्हणाला."

म्हणजे सव्वीस. इर्मानं चारही गळ उचलले आणि खणात टाकले. "बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "दिवा बदलायला हवा इथला."

दुपारी टोइवो आला. कोट झटकला, स्टोव्हकडे पाठ केली. तिनं न विचारता कॉफी ओतली आणि कप अर्धाच भरला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला.

"ड्वेन येऊन गेला?"

"गेला."

"मला दुसरं काही सुचलं नाही," तो कपात बघत म्हणाला. "सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले होते."

"चांगलं सुचलं."

"तुझे किती गळ परत आले?"

"चार. दुपारपर्यंत."

टोइवोनं मान हलवली. बाहेर नदीचा आवाज कालपेक्षा खाली उतरला होता, म्हणजे उद्याही मासे होते.

"उद्यासाठी सहा बांधशील?"

"तसलेच?"

"तसलेच."

इर्मानं चष्मा पुसला, खालच्या खणातून केसासारखी दोरी काढली आणि बांधायला बसली. वेढे सारखे, एकावर एक न चढलेले. प्रत्येक गाठ ओठांवर ओली करून तिनं जोर लावून ओढून पाहिली. सहातली एकही सरकली नाही.