मैनेच्या दाढेतला किडा

आंजीच्या बाजारात कडुनिंबाखाली दीडशे माणसं माना उंचावून उभी होती. मध्ये पाण्याने भरलेली परात, परातीत वीट, विटेवर तापून लाल झालेला तवा. प्रेमदास महाराजाने तव्यावर तेलात कालवलेली चिमूटभर 'दंतसंजीवनी' टाकली आणि वर मडकं उपडं घातलं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात पितळी नळी, आणि नळीचं दुसरं टोक रूपराव टांगेवाल्याच्या मैना घोडीच्या तोंडात. चार गडी तिला दाबून उभे होते. धुराने तिचे डोळे वाहत होते.

"उतर रे किड्या, उतर! बारा वर्षं हिमालयात एका पायावर उभा होतो, तो तुझ्याचसाठी!"

एवढ्या तपश्चर्येचं सार्थक घोडीच्या दाढेत व्हावं, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. मडकं उचललं. पाण्यात बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगत होते.

"पडले! पडले!" गर्दी परातीवर वाकली. रूपरावने महाराजाचे पाय धरले.

दोन आठवड्यांपासून मैना अर्धवट चावलेल्या कडब्याचे गोळे तोंडातून टाकत होती. डावा गाल सुजला होता, डाव्या नाकपुडीतून घाण वासाचा पू गळत होता. "वर्ध्याले गुरांच्या दवाखान्यात न्या तिले," असं सुलोचनाबाई नवऱ्याला रोज सांगायची. पण डॉक्टर दाढ उपटेल, या धास्तीने रूपराव टाळत राहिला. इथे तर दाढेला हातही न लावता किडे पडले होते.

जाताना महाराजाने संजीवनीची पुडी दिली आणि बजावलं, "दर गुरुवारी धुरी देजो. पण एकवीस दिवस तोंड उघडून पाहू नको. पाह्यलं तर विद्या उतरते, अन् किडा मेंदूत चढते."

रूपरावने शब्द पाळला. मैनेने आधी कडबा सोडला, मग भिजवलेला कोंडा. फासळ्या मोजता येऊ लागल्या. ती मान भिंतीला टेकवून उभी राहायची आणि रूपराव तिच्या नाकाचा पू पुसायचा. तिचं तोंड मात्र त्याने उघडून पाहिलं नाही. अठराव्या दिवशी ती खाली बसली, ती उठेचना. तेव्हा सुलोचनाबाई त्याला न विचारता बसने वर्ध्याला गेली आणि गुरांचे डॉक्टर प्रभाकरराव यांना घेऊन आली.

डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं, पाय बांधून घेतले, तोंडात लोखंडी आकडा अडकवून जबडा उघडा ठेवला. आत हात घातला आणि लांब दांड्याचा चिमटा मागितला. तासभर दाढ हलवत होते. शेवटी ती निघाली, बोटभर लांब, मधोमध तडकलेली, काळी. मागोमाग पू आला.

"पू हाडात शिरलाय, रूपराव. तीन आठवड्यांपूर्वी आणली असती, तर आज टांग्याला असती."

"पण किडे तर पडलेत ना सायेब! मी सोता पाह्यले!"

डॉक्टरांनी दाढ दगडावर ठेवून फोडली. आत सडलेला चारा होता आणि असह्य दुर्गंधी. "शोधा किडा."

रूपरावने काडीने कोरून कोरून पाहिलं. किडा नव्हता.

"मंग परातीत काय होतं?"

"उरलेली पुडी आणा."

तशीच परात मांडली. तवा तापवला, पुडी टाकली, मडकं घातलं. जवळ घोडी नव्हती, नळी नव्हती, मंत्र नव्हता. मडकं उचललं, तर पाण्यात तेच पांढरे, वाकडे किडे! डॉक्टरांनी भिंग दिलं. रूपरावने एकेक किडा भिंगाखाली धरला.

"रिंगणीचं बी आहे हे, त्या काटेरी रानझुडपाचं," डॉक्टर म्हणाले. "तापलं की टरफल फुटतं आणि आतला कोंब उडून पाण्यात पडतो. भिजला की किड्यासारखा दिसतो."

तिसऱ्या दिवशी मैना मेली.

पुढच्या बाजारी प्रेमदास त्याच कडुनिंबाखाली बसला होता. समोर गावातली मनकर्णाबाई सुजलेला गाल धरून, नळी तोंडात घ्यायला वाकलेली. रूपराव गर्दीतून आत घुसला आणि त्याने नळी काढून फेकली.

"हे काऊन करून राह्यला बे?" महाराज गरजला. "भस्म होशील!"

"होतो भस्म. आता बाईले दूर बसू द्या, अन् टाका तुमची पुडी."

प्रेमदास हलेना. तेव्हा रूपरावने खिशातून रिंगणीचं बी काढलं, तेलात कालवून तव्यावर टाकलं, मडकं उपडं घातलं आणि उचललं. किडे तरंगत होते. गर्दी वाकली, पण या वेळी कोणी ओरडलं नाही.

"कोणाच्या दाढेतून पडले हे?" रूपरावने गर्दीला विचारलं. "त्या दिवशी परातीत पाहाले आपण सारे वाकलो. माह्या मैनेच्या तोंडात वाकून कोणीच पाह्यलं नाई. मी बी नाई. जो 'पाहू नको' म्हणते ना, त्याच्यापुढंच डोळे उघडे ठेवजा. विचारजा. दुखते तिथं पाहाले लावजा. अन् मनकर्णाबाई, तुम्ही आजच्या आज वर्ध्याले दातांच्या डॉक्टरकडे जा."

मनकर्णाबाईने पदराने गाल झाकला, उठली आणि वर्ध्याच्या बसकडे चालू लागली.