दोन पावलं डावीकडे

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत, खणखणत, बऱ्याच वेळानं निजलं. तेव्हा कुठं प्रार्थनानं लॅपटॉपवरून मान वर केली. तिची पाच वर्षांची ग्रेस चिवडा सांडून आई कधी रागावते याची वाट बघत उभी होती. खुर्चीच्या अगदी कडेवर लंकाबाई बसली होती. कर्जतजवळच्या तिच्या गावातून ती सकाळच्या एसटीनं नगरला आली होती, मुठीत प्रार्थनाच्या मोबाईल नंबरची चिठ्ठी घेऊन.

"घावली का वो खोली, ताई?"

"बघतेय, मावशी."

प्रार्थना लॅपटॉपवर सत्तेचाळीस नंबरच्या घराचे फोटो पुढंमागं करत होती. तीनच होते. तिन्हींत पत्र्याचं शेड, पुढं लंकाबाई, तिच्या हातात पाटी आणि पाटीवर खडूनं ४७.

लग्नाआधी प्रार्थना रविवारी चर्च सुटलं की कॅमेरा घेऊन निघायची. घुमट, कमानी, पडक्या वेशी. कुठल्या भिंतीवर किती वाजता ऊन नीट बसतं, ते तिला विचारावं. ग्रेस झाली आणि ते सगळं राहून गेलं. मग गेल्या आषाढात एका एजन्सीच्या सुपरवायझरनं, कल्याणनं, काम दिलं. रस्ता रुंद होणार होता, त्याच्या कडेच्या दोनशे घरांचे फोटो. नियम एकच, घराचे दोन्ही कोपरे आणि छत दिसलं पाहिजे. कशासाठी, असं तिनं विचारलंही होतं. "नोंदीला. तू काढ ना," तो म्हणाला होता.

लंकाबाईच्या शेडाशेजारी त्या दिवशी कडब्याची उंच थप्पी होती, वर ताडपत्री. आषाढात एवढा कडबा कुणाकडं उरतो? थप्पीच्या मागून सिमेंटच्या स्लॅबची कड आणि लोखंडी गजांची टोकं डोकावत होती. प्रार्थनाची नजर तिथं गेलेली बघून लंकाबाई जवळ आली होती.

"तेवढं नगा येऊ दिऊ, ताई. घरकुलाच्या यादीत नाव लागलंय. फोटूत पक्कं दिसलं की कापत्यात."

प्रार्थना दोन पावलं डावीकडे सरकली. शेडाच्या आड स्लॅब गेला. घरी येताना तिला बरंसुद्धा वाटलं होतं, एका बाईच्या उपयोगी पडल्यासारखं.

पण ते फोटो घरकुलाचे नव्हतेच. काय पाडायचं आणि बदल्यात काय द्यायचं, ते त्यांच्यावरून ठरायचं होतं. भरपाईच्या यादीत लिहून आलं: ४७, पत्र्याचं शेड. गेल्या गुरुवारी जेसीबी आला, शेड गेलं आणि मागची खोलीही गेली; पैसे मात्र शेडापुरतेच.

"पंचायतीत खोलीची नोंद असेल ना?" प्रार्थनानं विचारलं.

"तिथंबी घरकुलाचंच भ्या. न्हाई लावली. धा वर्सं ऊस तोडला ताई, तवा ती खोली झाली. अन् मीच तिला कडब्यात दडवून बसले, चोराचा माल असल्यावानी." लंकाबाई हसली. "आता म्हनत्यात, खोली हुती त्याचा पुरावा आन. शेजारी समदे कारखान्याला तोडीवर गेल्यात. उद्या हरकतीचा शेवटचा दिस हाय."

प्रार्थनानं तिसरा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. शेडाची कड आणि कडबा यांच्यातल्या फटीत नखाएवढं निळं काहीतरी होतं. लंकाबाई उठून आली.

"ह्ये दार. मीच रंग दिल्ता." तिनं पदरानं स्क्रीन पुसला, पुसल्यावर दार आणखी दिसेल असं वाटून.

प्रार्थनानं कल्याणला फोन लावला. "एवढ्याशा निळ्यावरून स्लॅब कोण मानणार?" तो म्हणाला. "मी लिहून देते," म्हटल्यावर त्याचा आवाज खाली आला. "वेडी आहेस का? एक फोटो चुकवला म्हणालीस, की बाकीचेही खोटे धरतील. तुझं काम गेलं समज. माझंही."

तिच्या नवऱ्याला, अँड्र्यूला, कंपनीनं दिवाळीपासून ब्रेक देऊन घरी बसवलं होतं. घर या फोटोंवर चाललं होतं. तिनं फोन ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, ताई," लंकाबाई म्हणाली. "मीच म्हनले हुते न्हवं? तुमी माज्यासाठनंच सरकला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

प्रार्थनानं ग्रेसच्या चित्रकलेच्या वहीतला कोरा कागद फाडला. लिहिलं, आणि लंकाबाईला वाचता येत नाही म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. "४७ नंबरच्या घरामागे स्लॅबची पक्की खोली होती. मी ती पाहिली होती. दोन्ही कोपरे दाखवायचा नियम असताना मी ती मुद्दाम फोटोत येऊ दिली नाही." खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

"ह्यानं हुईल?"

"माहीत नाही, मावशी. पण द्या."

लंकाबाईनं कागदाची घडी घातली आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. चहा नको म्हणाली, एसटी चुकली असती. जाताना उंबऱ्यात थांबली, चौकटीवरून तळहात फिरवला. "लाकूड चांगलं हाय तुमचं," म्हणाली आणि जिना उतरली.

तिच्या पावलांचा आवाज खाली विरेपर्यंत प्रार्थना दारातच उभी होती. मागं ग्रेस फरशीवरचा चिवडा एकेक दाणा वेचून डब्यात टाकत होती. ती थांबली.

"मम्मी, तू घरांचेच फोटो काढतेस ना? मग त्या आजीचं घर मुद्दाम का लपवलंस?"